निग्रहाचा माणूस : एलिएझेर बेन-येहुदा



आपल्या इस्राएलात बहुतेक प्रत्येक मोठ्या गावाला एक बेन-येहुदा रस्ता आहे. यरुशलाईमचा तर इतका नावाजलेला की मुंबईहून पाहुणे आले की कोतेल दाखवून झाल्यावर त्यांना तिथेच नेतात. पोरं फलाफेल खातात, आपण बाकावर बसून गुडघे चोळतो. पण त्या पाटीवर ज्याचं नाव आहे तो माणूस कुठला, त्याने काय काय सोसलं, हे आपल्या वयाच्या फार थोड्या लोकांना नीट ठाऊक आहे. नातवंडांच्या पुस्तकात चार ओळी असतात. हिब्रू भाषा पुन्हा बोलती करणारा थोर पुरुष. झालं, संपलं.

मी गेली काही वर्षं त्याच्याविषयी मिळेल ते वाचते आहे. मला त्याच्या विद्वत्तेपेक्षा त्याचा निग्रह जास्त खिळवून ठेवतो. त्या काळी त्याच्याहून मोठे विद्वान होते. पण जिभेवर आलेला सोपा शब्द गिळून टाकायचा, अवघड शब्द शोधायचा, नसेल तर बनवायचा, आणि हे एक-दोन दिवस नाही तर ४१ वर्षं करत राहायचं, असं करणारा दुसरा माणूस माझ्या वाचनात आलेला नाही. आपण वर्षाच्या सुरुवातीला साखर सोडायची ठरवतो आणि पुढच्या शब्बाथला किद्दुश झाल्यावर केकचा तुकडा उचलतो. म्हणून मला वाटलं की या माणसाची गोष्ट आपल्या मंडळींना सांगावी. त्याने काय मिळवलं ते सगळ्यांना दिसतंच आहे. ते कसं मिळवलं आणि त्याची किंमत कुणी कुणी मोजली, तेही सांगावं.

त्याचा जन्म ७ जानेवारी १८५८चा. गाव लुझकी, तेव्हाच्या रशियन साम्राज्यातलं, आजच्या बेलारूसमधलं. नाव एलिएझेर यित्झहाक पेर्लमन. वडिलांचं नाव येहुदा. ते तो लहान असतानाच वारले. आईची इच्छा मुलाने रब्बी व्हावं अशी. घरात बोलायचे यिद्दिश, पण तीन वर्षांचा असल्यापासून हिब्रू अक्षरं गिरवायला बसवलेला. बारा-तेरा वर्षांचा होईपर्यंत तोरा, मिश्ना, तालमुद यांतलं पुष्कळ त्याने वाचून काढलं होतं. मग त्याला पोलोत्स्कच्या येशिवात पाठवलं. तिथल्या प्रमुख गुरूंना आतून नव्या विद्येची आवड होती, पण ती लपवून ठेवावी लागे. त्यांनी या मुलाच्या हातात गुपचूप एक पुस्तक दिलं. ते होतं रॉबिन्सन क्रूसोचं हिब्रू भाषांतर. एका ओसाड बेटावर अडकलेला माणूस घर बांधतो, आग पेटवतो, शेळ्या पाळतो, आणि हे सगळं हिब्रूत! मुलाने आजवर हिब्रूत फक्त देवाचं आणि धर्माचं वाचलं होतं. या भाषेत शेळी आणि भांडी पण येऊ शकतात, हे त्याला पहिल्यांदा कळलं.

पुढे तो ज्या नातेवाइकाकडे राहत होता त्याला हे असलं वाचन कळलं आणि मुलाला घराबाहेर काढलं. पंधराएक वर्षांचं पोर. चालत, भटकत ग्लुबोकोये नावाच्या गावी पोचला आणि शब्बाथला तिथल्या सिनेगॉगमध्ये जाऊन बसला. तिथे योनास आडनावाच्या एका सुशिक्षित गृहस्थांनी त्याला पाहिलं आणि घरी नेलं. त्यांच्या थोरल्या मुलीने, द्वोराने, त्याला रशियन आणि फ्रेंच शिकवलं. ती त्याच्यापेक्षा वयाने मोठी. हे नाव लक्षात ठेवा, कारण पुढच्या सगळ्या गोष्टीत ही बाई आहे आणि पाटीवर मात्र ती नाही.

१८७७ साली त्याने दिनाबुर्गच्या सरकारी शाळेतून परीक्षा दिली. त्याच वर्षी रशिया आणि तुर्कस्तानचं युद्ध पेटलं. बल्गेरियन लोक आपला देश परत मिळवायला निघाले होते. ते वाचून या तरुणाच्या डोक्यात विचार आला की बल्गेरियनांना देश मिळू शकतो तर आपल्याला का नाही, आणि देश हवा तर त्या देशाची बोलायची एक भाषा नको का? आज ही गोष्ट साधी वाटते. तेव्हा तसं बोलणाऱ्याला लोक वेडा म्हणत. हर्झलसारख्या माणसाने सुद्धा पुढे १८९६च्या आपल्या पुस्तकात शंका काढली होती की हिब्रूत रेल्वेचं तिकीट मागता येईल इतकी भाषा कुणाला येते!

हिब्रू तेव्हा मेलेली होती असं म्हणतात, ते अर्धंच खरं. आपल्याकडेच पाहा. १८३२ साली मुंबईत जॉन विल्सन या मिशनऱ्याने मराठीतून हिब्रू व्याकरण छापलं. १८४६ साली मुंबईत आणि १८७४ साली पुण्यात हिब्रू-मराठी हग्गादा छापली गेली. जोसेफ इझिकिएल राजपूरकरांनी आपल्या प्रार्थना मराठीत आणल्या. म्हणजे अक्षर होतं, तेफिला होती, शेमा तर आपल्या वाडवडिलांच्या ओठांवर पिढ्यान् पिढ्या होता. पण पेण-पनवेलला काय किंवा डोंगरीला काय, हिब्रूत भाजीचा भाव कुणी विचारत नव्हतं. जगभरच्या यहुदी लोकांची तीच तऱ्हा. लिहायला हिब्रू, देवाशी बोलायला हिब्रू, आणि बायकोशी बोलायला दुसरी भाषा.

१८७८ साली तो पॅरिसला गेला. इरादा डॉक्टर व्हायचा. पण थोड्याच दिवसांत खोकल्यातून रक्त पडू लागलं. क्षय. त्या काळी क्षय म्हणजे मरणाची चिठ्ठीच. डॉक्टरांनी त्याला फार आयुष्य दिलं नव्हतं. डॉक्टर होण्याचं सुटलं. इथे दुसरा एखादा माणूस अंथरुणाला खिळून दिवस मोजत बसला असता. याने उलटा हिशेब केला, की वेळ थोडा आहे म्हणजे एकच काम धरायला हवं. १८७९ साली व्हिएन्नाच्या हा-शहर नावाच्या मासिकात त्याचा लेख आला. त्यात त्याने यहुदी लोकांनी आपल्या जुन्या देशात परत जावं हे मांडलं. लेखाखाली सही केली बेन-येहुदा, म्हणजे येहुदाचा मुलगा. पेर्लमन हे नाव त्याने हळूहळू मागे टाकलं. माझ्या मते त्याच्या निग्रहाची सुरुवात इथे झाली. त्याने स्वतःला परतीची वाट ठेवली नाही. नाव बदललं की जुन्या माणसाला परत यायला दार उरत नाही.

पॅरिसच्या इस्पितळात त्याला यरुशलाईमचा एक माणूस भेटला, आणि पुढे औषधाचं हवापाणी म्हणून अल्जियर्सला गेला तेव्हा तिथल्या यहुदी लोकांशी तो बोलला, ते हिब्रूतून. दोन वेगवेगळ्या देशांची माणसं, मधली भाषा दुसरी कुठलीच नाही, आणि बोलणं चाललं आहे! उच्चारही पूर्वेकडचे, सेफार्दी. त्याला ते इतके आवडले की हेच खरे उच्चार असं त्याने ठरवून टाकलं. आपल्या तेफिलेचा वळसा सेफार्दीच, त्यामुळे इथे आल्यावर निदान या एका बाबतीत आपली जीभ फारशी अडखळली नाही, याचं थोडं श्रेय त्या अल्जियर्सच्या लोकांना द्यायला हरकत नाही.

१८८१ साली तो निघाला. द्वोरा वाटेत येऊन मिळाली. कैरोमध्ये त्यांनी लग्न केलं आणि पानगळीच्या दिवसांत बोटीने याफोला उतरले. प्रवासातच त्याने तिला सांगून टाकलं होतं की आता आपण दोघं फक्त हिब्रूत बोलायचं. तिला हिब्रू जेमतेम येत होती. आता जरा विचार करा. नवी नवरी, परका देश, खोकणारा नवरा, आणि तोंड उघडायची बंदी. त्याला सुद्धा ही भाषा पुस्तकातून येत होती. चूल, बशी, झाडू यांच्यासाठी त्याला तरी कुठे शब्द ठाऊक होते? कॉफीत साखर घालून दे एवढं सांगायला सुद्धा तो हातवारे करायचा, हे घे आणि ते कर अशा खुणा करायचा. पण रशियन शब्द वापरायचा नाही. तो सोपा होता, तोंडावर होता, बायकोला कळणारा होता, तरी नाही.

मला निग्रहाची ही तऱ्हा फार विचार करायला लावते. मोठमोठ्या शपथा आपण सगळेच घेतो. पण कॉफीच्या कपाशी, सकाळी डोळे चोळत असताना, कुणी बघत नसताना शपथ पाळणं, तिथे माणसाची परीक्षा आहे. उपास एकदा करणं सोपं. किप्पूरला आपण पंचवीस तास काढतोच की. रोज एक घास कमी खाणं कठीण. बेन-येहुदाने मोह टाळायचा एक साधा उपाय केला होता. मोहाला घरातच येऊ द्यायचं नाही. हिब्रू न बोलणारा पाहुणा त्याच्याकडे नको होता. ज्यांना येत नाही त्यांच्यासमोर तो हळूहळू हिब्रूच बोलत राही, समजो न समजो. मनाशी रोज कुस्ती खेळण्यापेक्षा आखाड्याचं दारच बंद केलं, म्हणा ना.

१८८२ साली मुलगा झाला, बेन-त्सियोन. तोच पुढे इतामार बेन-अवी या नावाने पत्रकार झाला. अनेक शतकांत पहिल्यांदाच एका मुलाची आईची भाषा हिब्रू होणार होती, आणि आईलाच ती भाषा नीट येत नव्हती! मुलाच्या कानावर दुसरा शब्द पडू नये म्हणून त्याला इतर मुलांत खेळायला सोडत नसत. हिब्रू न येणारं कुणी आलं की मुलाला झोपायला पाठवत. आजारपणामुळे हातात पैसा नाही, पण मोलकरीण ठेवायची नाही, कारण ती दुसरी भाषा बोलेल. सगळा भार त्या अशक्त बाईवर. आणि मुलगा बोलेना. दोन वर्षं झाली, तीन वर्षं झाली, मुलगा मुकाच. शेजारीपाजारी म्हणायला लागले की या वेड्या बापाने पोराचं डोकं बिघडवलं.

मुलाने मोठेपणी आपल्या आठवणींत लिहून ठेवलं आहे ते असं. एक दिवस बाप बाहेर गेला होता. आई घरात एकटी, थकलेली, आणि तिच्या तोंडून सहज एक रशियन अंगाईगीत निघालं. तिच्या आईने तिला गायलेलं असेल. बाप दारात येऊन उभा राहिला, ऐकलं, आणि असा भडकला की मेजावर मूठ आपटली. घाबरलेल्या मुलाच्या तोंडून त्या वेळी पहिल्यांदा शब्द फुटले, आणि ते हिब्रूत होते.

ही गोष्ट शाळेत मोठ्या कौतुकाने सांगतात. मी आई आहे, आजी आहे. मला ती वाचताना कौतुक होतं आणि पोटात कालवतंही. त्या बाईने काय मागितलं होतं? एक गाणं. मला कुणी माझ्या पोराला मराठी अंगाई म्हणायची नाही असं सांगितलं असतं तर मी काय केलं असतं कोण जाणे. मी पस्तिशीत या देशात आले. उलपानात आमच्या बाई दुसऱ्या भाषेचा एक शब्द बोलत नसत. मोरोक्कोची, रुमानियाची, आपली, सगळी एका बाकावर. पाणी हवं तर मायीम म्हणा, नाहीतर तहानलेल्या बसा. दिवसभर कारखान्यात उभी राहून संध्याकाळी मी वहीत रोज पाच शब्द लिहायची, बसमध्ये बोटं मोडत म्हणायची. पाचच. सहा झाले की आदल्या दिवशीचे विसरत. पण घरी आल्यावर आम्ही मराठी बोलायचो, मासळीला आमसूल घालायचो, आणि त्याने माझ्या हिब्रूचं काही वाकडं झालं नाही. बेन-येहुदाला मात्र हे पटलं नसतं. त्याला वाटे की एक फट राहिली तर सगळी भिंत पडेल. पहिला माणूस असल्यामुळे कदाचित त्याचं बरोबर असेल. त्याच्या मागे भिंत धरायला दुसरं कुणीच नव्हतं. आपल्यामागे अख्खा देश होता.

उलपानातली ती पद्धत पण त्याच काळातली, बरं का. यरुशलाईमला आलियान्सची शाळा होती, मुख्याध्यापक निस्सीम बेहार. हिब्रू ही हिब्रूतूनच शिकवायची, मध्ये भाषांतर घालायचं नाही, या पद्धतीने बेन-येहुदाने तिथे काही काळ शिकवलं. छातीच्या दुखण्याने त्याला ते सोडावं लागलं, पण पद्धत राहिली. त्या शाळेपासून आमच्या त्या बाईंपर्यंत ती आली.

मग त्याने वर्तमानपत्र धरलं. आधी हवात्सेलेत नावाच्या पत्रात काम केलं, १८८४ साली स्वतःचं हा-त्स्वी काढलं. पत्र चालवायचं म्हणजे रोज नव्या गोष्टींची नावं हवीत. वर्तमानपत्रालाच धड शब्द नव्हता. त्याने एत म्हणजे काळ यावरून इतोन केला. शब्दकोशाला मिला म्हणजे शब्द यावरून मिल्लोन केला. आज आपण सुपरमार्केटमध्ये नातवाला घेऊन देतो ती ग्लिदा, नातीची बुबा, आंघोळीनंतरची मगेवेत, हे त्याच्याच टाकसाळीतले शब्द. सभ्य माणसाला आपण अदीव म्हणतो ना? तो त्याने अरबीतून घेतला. आपल्या मराठीतली अदब पण त्याच अरबी मुळाची. म्हणजे अदबीने वागणारा तो अदीव, हे मला कळलं तेव्हा मी एकटीच हसले होते.

सगळे शब्द मात्र चालले नाहीत. टोमॅटोला दुसऱ्या एका विद्वानाने अगवानिया हा शब्द सुचवला. बेन-येहुदाला तो चावट वाटला, कारण त्याचं मूळ शृंगाराकडे जातं. त्याने बदुरा हा शब्द पुढे केला आणि तोच धरून बसला. लोकांनी अगवानियाच घेतला. कुठल्याही शूकमध्ये जाऊन बदुरा मागून पाहा, भाजीवाला आपल्याकडे बघत राहील! निग्रहाने स्वतःची जीभ वळवता येते. बाजाराची नाही वळवता येत.

यरुशलाईमच्या कर्मठ मंडळींशी त्याचं लवकरच बिनसलं. सुरुवातीला त्याने त्यांची मनं जिंकण्यासाठी दाढी वाढवली होती, द्वोरा डोक्यावर टोप घालत होती, घरात सगळे नियम पाळले जात. पण पवित्र भाषा हा माणूस चुलीवर आणि बाजारात नेतो, आणि वर परदेशातून येणाऱ्या दानाच्या पैशावर जगण्याबद्दल पत्रात टीका करतो, हे त्यांना सहन होईना. त्याच्यावर बहिष्कार पडला. १८९३च्या हनुक्काला त्याच्या सासऱ्यांनी, त्याच योनासांनी, पत्रात मक्काबींवर एक लेख लिहिला. हिब्रूत हायील या शब्दाचा अर्थ बळ असाही होतो आणि सैन्य असाही. लेखात म्हटलं होतं की बळ एकवटून पुढे जावं. विरोधकांनी तुर्की अधिकाऱ्यांकडे त्याचा अर्थ सैन्य जमवा असा लावून दिला. राजद्रोह! जावई-सासरे दोघेही गजाआड गेले आणि बेन-येहुदाला एका वर्षाची शिक्षा सुनावली गेली. वरच्या कोर्टात तो सुटला, पण पत्र पुष्कळ दिवस बंद राहिलं. शब्दांवर जन्म घालवणाऱ्याला एका शब्दाच्या दोन अर्थांनी तुरुंग दाखवला. त्याचं स्वतःचं कोशाचं काम किती गरजेचं आहे हे त्याला आणखी कुणी सांगायची जरुरी नव्हती.

पण त्याआधीच घर उद्ध्वस्त झालं होतं. द्वोराला नवऱ्याचाच क्षय जडला. पाच मुलं झाली होती. १८९१ साली ती गेली, चाळिशीही न गाठता. तिच्यामागोमाग घटसर्पाच्या साथीत तीन मुलं गेली. उरली दोन, बेन-त्सियोन आणि यमिमा. हे लिहिताना सुद्धा हात थांबतो. एवढं झाल्यावर माणूस हे सगळं सोडून रशियाला परत गेला असता तरी त्याला कुणी नावं ठेवली नसती.

तो गेला नाही. द्वोराची धाकटी बहीण पावला तेव्हा मॉस्कोत रसायनशास्त्र शिकत होती. तिला त्याने पत्र लिहिलं, आणि ती विशीच्या आतबाहेरची मुलगी, बहिणीचं काय झालं हे माहीत असून, या क्षयी माणसाशी लग्न करायला तयार झाली. इथे येऊन ती हेमदा झाली. तिने झटपट हिब्रू आत्मसात केली, पत्रात लिहू लागली, आणि पुढे कोशासाठी पैसा उभा करायला युरोपातल्या श्रीमंतांची दारं तिनेच ठोठावली. नवरा कोशात डोकं खुपसून बसलेला, हिशेब आणि घर हिच्याकडे. लोक म्हणतात बेन-येहुदाची इच्छाशक्ती. मी म्हणते, एका घरात तीन माणसांची होती.

कोशाचं काम कसं चाले तेही सांगते. दिवसाचे अठरा तास तो कामाला देई असं सांगतात. हिब्रूतलं जुनं-नवं जे जे लिहिलेलं आहे ते पाहायचं, प्रत्येक शब्द कुठे, कुठल्या अर्थाने आला ते चिठ्ठीवर टिपायचं, आणि त्याचा अर्थ जर्मन, फ्रेंच, इंग्रजीत द्यायचा. त्यासाठी तो पॅरिस, लंडन, ऑक्सफर्डची ग्रंथालयं धुंडाळत हिंडला. संगणक नाही, मदतनीस मोजके, छातीत क्षय. चिठ्ठ्यांचे ढीग वाढत गेले. बर्लिनच्या लांगेनशाइट या प्रकाशकाने खंड छापायला घेतले. एक खंड निघाला की माणूस दोन दिवस विसावेल, पण याची पुढच्या अक्षराची चिठ्ठी तयार असे. मी घरातली जुनी फोटोंची पेटी लावायला तीन वर्षं घेतली, म्हणून मला या चिठ्ठ्यांचा जरा जास्तच आदर वाटतो.

एक गोष्ट मात्र न्यायाने सांगायला हवी. हिब्रू एकट्या बेन-येहुदाने उभी केली नाही. १८९० साली त्याने दावीद येलिनसारख्या मंडळींबरोबर भाषेची समिती काढली; तीच पुढे १९५३ साली सरकारी अकादमी झाली. पण खरं काम खेड्यापाड्यांतल्या मास्तरांनी आणि बालवाडीच्या बाईंनी केलं. रिशोन ले-त्सियोन, झिखरोन याकोव्ह अशा वस्त्यांतली पोरं शाळेत शिकून आली आणि घरी आईबापांना हिब्रूत बोलायला लागली. १९१३ साली हैफाच्या तंत्रशाळेत शिक्षण जर्मनमधून द्यायचं ठरत होतं, तेव्हा शिक्षक आणि विद्यार्थी रस्त्यावर आले, आणि जर्मन मागे हटली. इतकी माणसं हट्टाला पेटायला तोवर तीस वर्षं गेली होती. बेन-येहुदाने सुरुवात केली तेव्हा हट्ट करणारं घर एकच होतं.

पहिल्या महायुद्धात तुर्की अंमलदारांची मर्जी फिरली आणि तो कुटुंबासह अमेरिकेला गेला. तिथेही कोशाचंच काम. १९१९ साली परत आला तेव्हा यरुशलाईमवर इंग्रजांचं राज्य होतं. १९२२च्या मँडेटमध्ये इंग्रजी आणि अरबीच्या जोडीने हिब्रू ही देशाची अधिकृत भाषा ठरली. ते त्याने डोळ्यांनी पाहिलं. त्याच वर्षी, १६ डिसेंबरला, हनुक्कातल्या शब्बाथला तो वारला. डॉक्टरांनी थोडेच दिवस दिले होते, त्यावर चाळीसहून जास्त वर्षं जगला. वय ६४. अंत्ययात्रेला ३० हजार लोक होते असं सांगतात. हार हा-झेतीमवर, म्हणजे जैतुनाच्या डोंगरावर, त्याला पुरलं.

कोश तेव्हा अर्धाही छापून झालेला नव्हता. हेमदा आणि मुलगा एहुद यांनी चिठ्ठ्या जपल्या, विद्वानांना कामाला लावलं, पैशासाठी पुन्हा दारं झिजवली. हेमदा १९५१ साली गेली, तोवरही काम पुरं झालं नव्हतं. प्रस्तावनेचा धरून सतरा खंडांचा तो कोश १९५९ साली पूर्ण झाला. त्या सुमाराला आपल्यातली पुष्कळ माणसं बोटीने, विमानाने येऊन पोचली होती, आणि दिमोना, बेएर शेवा, लोद, अश्दोदच्या नव्या घरांत संध्याकाळी वही उघडून आलेफ, बेत गिरवत होती.